वगळलेला पाठ

संगीताला हस्तलिखित नसते. बंदिशीला असते, स्वरलिपीत बांधलेल्या रचनेला असते. परंतु एका विशिष्ट संध्याकाळी, विशिष्ट माणसांनी, समोर बसलेल्या विशिष्ट श्रोत्यांपुढे जे काही केले, त्याची प्रत कोठेही उरत नाही. मराठीचे अध्यापन करणाऱ्या आम्हांसारख्यांना ही गोष्ट चटकन उमगत नाही, कारण आमचा सारा व्यवसायच ‘प्रत’ या वस्तूवर उभा आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, राजवाडे जुन्या दप्तरांसाठी गावोगाव हिंडले, तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या आणि तरल्या: या कथा आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो. प्रत हरवते, प्रत सापडते, तिच्यात पाठभेद निघतात. कोणी काही तरी घातलेले असते आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोणी काही तरी गाळलेले असते. पाठचिकित्सा हा विषय विद्यार्थ्यांना रुक्ष वाटतो खरा, पण त्याच्या मुळाशी एक अगदी मानवी प्रश्न आहे. काय ठेवावे आणि काय वगळावे, हे कोणी ठरवले?

गेली काही वर्षे हाच प्रश्न घेऊन आम्ही एका सर्वस्वी परक्या दप्तरापुढे बसत आलो आहोत. १९५० ते १९७० या दोन दशकांत युरोपातील दूरचित्रवाणी केंद्रांनी अमेरिकन जॅझवादकांचे जे चित्रीकरण केले, त्यातील काही भाग अनेक वर्षे कपाटात पडून राहिला आणि आमच्या पिढीच्या हयातीत बाहेर आला. आम्ही म्हणजे एकाच महाविद्यालयाच्या मराठी विभागातील दोघे. आमच्यापैकी एकीवर लहानपणापासून शास्त्रीय गायनाचे संस्कार. दुसऱ्याचे संगीतशिक्षण म्हणाल तर वरातीच्या बँडमागून गावभर फिरण्यापुरते. जॅझचे अधिकृत ज्ञान दोघांनाही नाही. तरीही या चित्रफितींनी आम्हांला जे शिकवले ते आमच्याच विषयाविषयीचे आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी या फिती दुर्मीळ का, ते पाहू. जॅझ जगभर पोहोचला तो तबकडीवरून, म्हणजे कानावाटे. डोळ्यांसाठी फारसे काही उरलेच नाही. चार्ली पार्कर हा आधुनिक जॅझचा एक आद्यपुरुष. तो १९५५ साली वयाच्या ३४व्या वर्षी गेला. वाजवताना त्याचा चेहरा आणि आवाज एकाच वेळी टिपला गेला आहे असा जवळजवळ एकमेव पुरावा म्हणजे फेब्रुवारी १९५२ मधील अमेरिकन दूरचित्रवाणीवरचा काही मिनिटांचा तुकडा. एवढ्या मोठ्या कलावंताचे एवढेच दर्शन! जाहिरातदारांच्या पैशावर चालणाऱ्या अमेरिकन दूरचित्रवाणीला कृष्णवर्णीय कलावंत पडद्यावर नकोसा होता, हे त्याचे एक कारण. नॅट किंग कोलसारख्या लोकप्रिय गायकाचा एनबीसीवरील कार्यक्रम नोव्हेंबर १९५६ मध्ये सुरू झाला आणि डिसेंबर १९५७ मध्ये संपला. प्रेक्षक होते, पण त्याला देशपातळीवरचा प्रायोजक शेवटपर्यंत मिळाला नाही. त्याच डिसेंबरात सीबीएसने ‘द साउंड ऑफ जॅझ’ हा एक तासाचा अपूर्व कार्यक्रम केला हे खरे, पण तो अपवाद म्हणूनच स्मरणात आहे.

युरोपात गणित वेगळे होते. तेथील दूरचित्रवाणी बहुतांशी सार्वजनिक होती आणि ती प्रामुख्याने परवाना-शुल्कावर चालत असे. साबणाचा कारखानदार काय म्हणेल याची धास्ती तिला नव्हती. उलट प्रक्षेपणाचे तास भरायचे कशाने ही चिंता होती. दौऱ्यावर आलेले वाद्यवृंद एका संध्याकाळी स्टुडिओत बोलावणे हा त्यावरचा स्वस्त आणि प्रतिष्ठित तोडगा. नॉर्वेत नियमित दूरचित्रवाणीचे औपचारिक उद्घाटन ऑगस्ट १९६० मध्ये झाले आणि चार वर्षांच्या आत तेथील कॅमेऱ्यांनी चार्ल्स मिंगसची मैफल टिपली. ब्रिटनमध्ये एप्रिल १९६४ मध्ये बीबीसीची दुसरी वाहिनी सुरू झाली आणि तिच्यासोबत ‘जॅझ ६२५’ ही मालिका आली. नावातील आकडा चित्रातील रेषांचा होता. जुन्या ४०५ रेषांऐवजी ६२५ रेषांचे नवे, अधिक स्पष्ट चित्र! म्हणजे तंत्रज्ञानाची बढाई मिरवण्यासाठी जॅझ कामी आला आणि त्या निमित्ताने काही थोर वादकांचे हात आपल्याला पाहायला मिळाले. दरम्यान काही वादक तर युरोपातच स्थायिक होऊ लागले होते. केनी क्लार्क १९५६ मध्ये आणि बड पॉवेल १९५९ मध्ये पॅरिसला गेला, डेक्स्टर गॉर्डनने १९६२ मध्ये कोपनहेगन जवळ केले.

परंतु चित्रीकरण होणे वेगळे आणि ते टिकणे वेगळे. त्या काळची चित्रफीत महाग होती आणि तिचा एक ‘गुण’ असा की ती पुसून पुन्हा वापरता येत असे. त्यामुळे कार्यक्रम प्रक्षेपित झाला की बरेचदा फीत कोरी होऊन दुसऱ्या कामाला लागे. ज्या केंद्रांनी पडद्यावरचे चित्र फिल्मवर उतरवून घेतले, तेथे ते वाचण्याची शक्यता वाढली. फिल्म पुसता येत नाही, फार तर फेकून देता येते. अल्बर्ट आयलर या बंडखोर सॅक्सोफोनवादकाची नोव्हेंबर १९६६ मधील लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील मैफल बीबीसीने चित्रित केली. ती कधी दाखवली गेली नाही आणि पुढे फीतही पुसली गेली. नाश करणाऱ्याच्या मनात द्वेष असावाच लागतो असे नाही. नियमावली पुरते. आमच्याकडे जुने रुमाल किराणा दुकानात पुड्या बांधायला गेले, त्यातही बहुधा द्वेष नव्हताच. जे उरले ते कोणी मोल ओळखून जपले म्हणूनच उरले असे नाही. पुष्कळदा कोणी तेथवर पोहोचलेच नाही म्हणून उरले.

२००६ साली ‘जॅझ आयकॉन्स’ या नावाने अशा युरोपीय चित्रफितींच्या डीव्हीडी निघू लागल्या. पहिल्याच संचात नऊ होत्या. त्यांपैकी काही, आणि २००७ मध्ये निघालेल्या दुसऱ्या संचातील मिंगसची डीव्हीडी, एका स्नेह्यामार्फत आमच्या हाती आली. विभागातल्या जुन्या संगणकावर, परीक्षा संपलेल्या एका रिकाम्या दुपारी, आम्ही ती लावली.

चार्ल्स मिंगस हा डबल बास वाजवणारा रचनाकार. एप्रिल १९६४ मध्ये तो सहा जणांचा संच घेऊन युरोपात आला होता. १२ एप्रिलला ओस्लो विद्यापीठाच्या सभागृहात मैफल झाली. एडवर्ड मुंकची भव्य भित्तिचित्रे ज्या दालनात आहेत तेच हे दालन. संचात अल्टो सॅक्सोफोन, बास क्लॅरिनेट आणि बासरी वाजवणारा एरिक डॉल्फी होता, टेनर सॅक्सोफोनवर क्लिफर्ड जॉर्डन, ट्रंपेटवर जॉनी कोल्स, पियानोवर जाकी बायर्ड आणि ड्रमवर डॅनी रिचमंड. दौरा संपल्यावर डॉल्फी युरोपातच राहणार होता. मिंगसने एका रचनेचे नावच त्याला निरोप देणारे ठेवले होते: ‘सो लाँग एरिक’. ओस्लोच्या मंचावर मिंगस त्याला विचारतो, तू इकडे किती काळ राहणार? मैफलीतच, सगळ्यांदेखत, घरातल्या माणसाला विचारावे तसे.

२९ जून १९६४ रोजी डॉल्फी पश्चिम बर्लिनमध्ये मधुमेहाने गेला. नऊ दिवसांपूर्वी त्याने ३६वे वर्ष पूर्ण केले होते.

आता ही चित्रफीत पाहणाऱ्याच्या पदरी एक ज्ञान असते, जे त्या दालनातील कोणाजवळही नव्हते. साहित्याच्या विद्यार्थ्यांना ही अवस्था परिचित आहे. शोकात्म नाटकाचा प्रेक्षक नेमका असाच बसलेला असतो. पण नाटकात ती अवस्था नाटककाराने योजलेली असते. येथे ती काळाने, कोणाच्याही इच्छेवाचून, तयार केली आहे. त्यामुळे एक मोह होतो. डॉल्फीच्या प्रत्येक सुरात मृत्यूची चाहूल ऐकण्याचा मोह. आम्ही दोघांनीही तो आवरण्याचे ठरवले, आणि आवरल्यावर जे दिसले ते अधिक मोलाचे वाटले. ‘टेक द ए ट्रेन’ या जुन्या रचनेत डॉल्फी बास क्लॅरिनेट घेतो. ते वाद्य उंचीने त्याच्या कमरेखाली जाते. त्यातून तो खर्जातील गुरगुर काढतो आणि क्षणात टिपेला जाऊन किंचाळतो. तो निरोप वगैरे घेत नसतो. तो काम करीत असतो. ध्वनिमुद्रिकेवर जी केवळ ‘शैली’ म्हणून ऐकू येते ती येथे शरीराची मेहनत म्हणून दिसते. श्वास कोठे घेतला, गाल कसे आवळले, दुसरा वाजवत असताना हा कोठे पाहत होता. आमच्यातील जिला गाण्याचे शिक्षण आहे ती म्हणाली, आवर्तन भरण्याची कल्पना यांच्याकडेही आहे, पण समेवर येण्याची घाई मात्र नाही. तुलना ताणू नये हे खरे. राग ही वेगळी व्यवस्था आणि स्वरसंवादाच्या चौकटीवर रचलेले हे वादन वेगळे. तरीही साथ करणाऱ्याच्या चेहऱ्यावर मुख्य वादकाची एखादी अनपेक्षित जागा पाहून जे हसू उमटते ते दोन्हीकडे एकच आहे, आणि ते तबकडीवर ऐकू येत नाही.

त्याच डीव्हीडीवर बेल्जियममधील लिएज येथील चित्रीकरणही आहे, ओस्लोनंतर अवघ्या आठवड्याभराचे. तेथे ट्रंपेट नाही. १७ एप्रिलला पॅरिसच्या मैफलीत जॉनी कोल्स पोटाच्या व्रणाने मंचावरच कोसळला होता. उरलेल्या पाच जणांनी तेच संगीत त्याच्यावाचून उभे केले. एकाच रचनेचे दोन पाठ, एकात एक आवाज कमी. गाळलेल्या ओवीची जागा भरून काढताना लिपिकार शेजारच्या ओव्या थोड्या सरकवतो. तसे येथे प्रत्येक जण थोडा सरकलेला ऐकू येतो. पाठभेद म्हणजे काय हे आम्ही पुढे ‘साहित्य आणि अन्य कला’ या अभ्यासपत्रिकेच्या तासांना या दोन चित्रफिती लागोपाठ दाखवून समजावले. मुलांना ते लगेच कळले. व्याख्येने कळले नव्हते.

ही झाली जपलेल्या पाठाची गोष्ट. दुसरी गोष्ट वगळलेल्या पाठाची आहे आणि ती अधिक अस्वस्थ करणारी आहे.

डिसेंबर १९६९ मध्ये थेलोनियस मंक हा पियानोवादक आपल्या चौकडीसह पॅरिसच्या साल प्लेएल सभागृहात मैफलीसाठी आला होता. त्या मुक्कामात फ्रेंच दूरचित्रवाणीने त्याला स्टुडिओत बोलावून ‘जॅझ पोर्ट्रेट’ या कार्यक्रमासाठी चित्रीकरण केले. मुलाखतकार हेन्री रेनो स्वतः पियानोवादक होता. कार्यक्रम संकलित होऊन दाखवला गेला आणि विसरला गेला. मंक १९८२ साली वारला. त्यानंतर अनेक वर्षांनी मंकवर कथापट करण्याची तयारी करीत असताना आलँ गोमिस या फ्रेंच-सेनेगाली दिग्दर्शकाला फ्रान्सच्या राष्ट्रीय दृक्‌श्राव्य संस्थेच्या, म्हणजे ‘इना’च्या, संग्रहात त्या दिवसाचे कच्चे चित्रीकरण मिळाले, चित्रपटवाले ज्याला ‘रशेस’ म्हणतात ते. ही संस्था १९७५ पासून फ्रेंच नभोवाणी-दूरचित्रवाणीचे दप्तर सांभाळते. त्या कच्च्या मालातून गोमिसने ‘रिवाइंड अँड प्ले’ हा सुमारे ६५ मिनिटांचा चित्रपट रचला आणि तो २०२२ च्या बर्लिन महोत्सवात दाखवला गेला. आम्ही तो २०२३ मध्ये पाहिला.

त्यात मंक पुष्कळ वाजवतो. प्रखर दिव्यांखाली घामाने निथळत वाजवतो. त्याची बोटे सपाट पडतात, सूर जणू चुकल्यासारखे भासतात आणि दुसऱ्याच क्षणी ते चुकलेले नव्हते हे पटते. मध्ये मध्ये रेनो प्रश्न विचारतो. तुम्ही पियानो स्वयंपाकघरात का ठेवला होता? मंक सांगतो की घरातली ती सर्वांत मोठी खोली होती. उत्तर साधे आणि खरे आहे, पण दूरचित्रवाणीला त्यात विक्षिप्त प्रतिभावंताची गंमत हवी आहे. मग तोच प्रश्न पुन्हा. पुन्हा दिवे, पुन्हा कॅमेरा. मंक मूळचा मितभाषी. प्रत्येक फेरीगणिक त्याचे उत्तर आणखी आखूड होत जाते.

मग १९५४ चा विषय निघतो. त्या वर्षी मंक प्रथमच पॅरिसला आला होता, त्याच साल प्लेएल सभागृहात वाजवायला. रेनोला असे वदवून घ्यायचे आहे की ते संगीत त्या वेळच्या फ्रेंच श्रोत्यांच्या फार पुढे होते. मंक मात्र दुसरेच सांगतो. नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर आपले चित्र होते, आकर्षण म्हणून आपले नाव पुढे केले होते आणि मानधन मात्र आपल्याला इतरांहून कमी दिले गेले. आपले साथीदारही सोबत आणता आले नव्हते. रेनो गडबडतो. फ्रेंचमध्ये सहकाऱ्यांना सांगतो की हे काढून टाकू, हे बरे दिसत नाही. मंकला भाषा कळली नाही तरी सूर कळतो. आपण जे बोललो ते चांगले नाही काय, अशा अर्थाचे तो विचारतो. मग तोच प्रश्न नव्याने विचारला जातो आणि मंक तेच उत्तर नव्याने देतो.

आम्ही हा भाग पाहिला तेव्हा बराच वेळ कोणी बोलले नाही. पाठचिकित्सेत आपण नेहमी उरलेल्या प्रतींवरून गाळणाऱ्याचा अंदाज बांधतो. हात दिसत नाही, फक्त खाडाखोड दिसते. येथे खाडाखोड करणारा हात समोर होता, तोही कामात गुंतलेला, सभ्य आणि सस्मित.

वर्गात चर्चा झाली तेव्हा बहुतेक मुलांनी रेनोला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. ते सोपे आहे. परंतु रेनो मंकचा वैरी नव्हता. १९५४ च्या त्या पॅरिस-भेटीमागे त्याची खटपट होती. मंकला फ्रान्समध्ये कोणी ओळखत नव्हते तेव्हा हा माणूस त्याच्यासाठी झटत होता. आणि म्हणूनच तो प्रसंग अधिक बोचतो. मंकने मानधनाची गोष्ट काढताच रेनोच्या मनातील एक सुंदर आठवण डागाळते. तो सत्य दडपण्यासाठी कापत नाही. सौजन्य वाचवण्यासाठी कापतो. एक विद्यार्थिनी म्हणाली, “तो खोटं बोलतोय असं कुणीच म्हणत नाहीये. फक्त गैरसोयीचं बोलतोय.” आम्ही दोघे मिळून एवढी वर्षे शिकवीत आहोत, पण संपादनाविषयी याहून नेमके वाक्य आम्हांला सुचलेले नाही.

आमच्या दोघांतही मतभेद झाला आणि तो अद्याप मिटलेला नाही. एकीचे म्हणणे असे की गोमिसनेही संकलनच केले. कच्च्या चित्रीकरणातून त्याने ६५ मिनिटे निवडली, क्रम लावला, शांतता लांबवली; रेनोने मंकचा विक्षिप्त ऋषी केला तर गोमिसने मंकचा हुतात्मा केला. मंक दोन्हीकडे दुसऱ्याच्या नाटकातील पात्र. दुसऱ्याचे म्हणणे असे की दोन्ही संकलने एका तराजूत घालता येणार नाहीत. एकाने कात्री लपवली, दुसऱ्याने ती दाखवली. भाष्यकार आणि प्रक्षेप करणारा यांच्यात फरक असतो तो हाच, की भाष्यकार आपला शब्द मूळ पाठापासून वेगळा ठेवतो. यावर पहिलीचे उत्तर: तर मग सगळे कच्चे चित्रीकरण जसेच्या तसे लोकांपुढे ठेवा, आणि पाहणाऱ्याला ठरवू द्या. तेही अर्थात तितके सोपे नाही. तासन्‌तास कोण पाहणार? संपादनावाचून पाठ कपाटातच राहतो. पण निदान कपाट तरी असले पाहिजे, यावर आमचे एकमत आहे. इनाचे कपाट नसते तर वाद घालण्यापुरतेही काही उरले नसते.

या वादाला आमच्यापुरते एक निमित्त लवकरच मिळाले. २०२४ साली आमच्या जिल्ह्यातील एका सांस्कृतिक संस्थेने लोकवाद्यांवरील एका सोहळ्यासाठी वृद्ध वादकांच्या मुलाखती चित्रित करण्याचे काम आमच्या विभागाकडे दिले. त्यांत एक क्लॅरोनेटवादक होते. चाळीसहून अधिक वर्षे त्यांनी लग्नाच्या बँडमध्ये वाजवले होते. आम्ही त्यांना आबा म्हणत होतो, ते आम्हांला ‘मास्तर’ आणि ‘बाई’. पत्ती भिजवून तोंडात बसवीत त्यांनी नाट्यपदे वाजवली, जुनी सिनेमाची गाणी वाजवली, नवरीच्या पाठवणीची धून वाजवली. कॅमेरा जवळजवळ तीन तास चालू होता.

मध्येच आम्ही विचारले, “आबा, वरात मांडवात पोचली की मग तुम्ही काय करायचा?”

“मांडवाच्या मागं बसायचं, बाई. पंगती उठल्या की आमची पानं. कुठं कुठं पत्रावळ पण घरनं न्यावी लागायची. नवरदेव आमच्या वाजवण्यावर नाचत आलेला असायचा, आन्‌ आम्हाला पाणी वरनं वाढायचे.” एवढे बोलून त्यांनी क्लॅरोनेट पुसायला घेतले. पुढे ठरलेल्या बिदागीतून नेहमी काही तरी कमी कसे व्हायचे, तेही त्यांनी सांगितले. आवाजात तक्रार नव्हती. हिशेब होता.

संस्थेला वीस मिनिटांची चित्रफीत हवी होती. आमचा पहिला खर्डा पाहून निरोप आला की वादन उत्तम आहे, जेवणावळीचा आणि पैशाचा भाग तेवढा वगळावा. सोहळा आनंदाचा आहे, समोर सगळ्या प्रकारचे लोक बसलेले असणार, बरे दिसणार नाही. त्या सद्गृहस्थांचा स्वर खरोखर सभ्य होता. लोककलांविषयीची त्यांची कळकळही खोटी नव्हती. फोन ठेवल्यावर आम्ही एकमेकांकडे पाहिले. दोघांच्याही डोळ्यांपुढे पॅरिसचा तो स्टुडिओ होता.

आम्ही आबांकडे गेलो आणि त्यांनाच विचारले. हे ठेवू की काढू? मंकला कोणी हे विचारले नव्हते. आबा थोडे थांबून म्हणाले, “माझं काय जातंय, मास्तर? पण वाजवलेलं ठेवणार आन्‌ बोललेलं काढणार, मग निम्माच मी राहिलो की.” आम्ही संस्थेला कळवले की हा भाग काढायचा असेल तर ही मुलाखतच दाखवू नये. सोहळ्यात ती दाखवली गेली नाही. आबांचे वादन त्या रंगमंचावरील पडद्यावर उमटले नाही, ही त्यातील हानी आहे आणि ती लहान नाही. त्यांच्या नातवंडांनी ते पाहायला हवे होते. आमच्यापैकी एकीला अजूनही वाटते की वीस मिनिटांचे वादन तरी दाखवू द्यायला हवे होते. दुसऱ्याला तसे वाटत नाही. मंकच्या चित्रपटावरचा वादच येथे पुढे चालू आहे, फक्त आता त्याची किंमत दुसऱ्याच कोणी तरी मोजली आहे.

आमच्याकडे असे कपाट क्वचित असते. जॅझच्या बाबतीतच पाहा. मुंबईत १९३० च्या दशकापासून ताजमहाल हॉटेलात जॅझ वाजत होता. टेडी वेदरफोर्डसारखे अमेरिकन वादक येथे येऊन राहिले आणि त्यांच्यासोबत वाजवून गोव्याच्या वादकांची एक पिढी तयार झाली. १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन आपला वाद्यवृंद घेऊन भारतात आला, मुंबईतही वाजवून गेला. पण मुंबई दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. म्हणजे युरोपातील कॅमेरे मिंगस आणि मंक टिपत होते तेव्हा या शहरात टिपायला कॅमेराच नव्हता. त्या गोमंतकीय वादकांचे दर्शन आज घ्यायचे तर चित्रपटाकडे वळावे लागते. भगवानदादांच्या ‘अलबेला’त, १९५१ साली, सी. रामचंद्रांच्या संगीतावर ट्रंपेटवादक चिक चॉकलेट आणि त्याचे साथीदार पडद्यावर दिसतात. चिक चॉकलेट १९६७ मध्ये गेला. तो कसा वाजवत होता याचा काही पुरावा ध्वनिमुद्रिकांत आहे. त्याला किती पैसे मिळत आणि त्याबद्दल त्याचे काय म्हणणे होते, हे कोणत्याही गाण्यात असणार नाही. त्यासाठी कोणी तरी शेजारी बसून विचारायला हवे होते आणि उत्तर आल्यावर यंत्र चालू ठेवायला हवे होते.

आबांच्या मुलाखतीची पूर्ण फीत, दोन तास बावन्न मिनिटे, आता आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहे. एक प्रत आबांच्या घरी दिली आहे. नोंद करताना ग्रंथपालांनी विचारले की विषयाच्या रकान्यात काय लिहायचे. ‘संगीत’ एवढे पुरेल का? आम्ही थोडा विचार केला आणि दोन शब्द आणखी लिहायला सांगितले: ‘जेवण’ आणि ‘मजुरी’. त्यांनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिले, काही विचारले नाही, आणि सुवाच्य अक्षरात तसे लिहिले.